लोहाराचा भाता, तांबटाची मठारणी आणि कल्हईवाला: हे हुन्नर टिकवायचे कसे?

भीमाकाठ

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतो.

आमच्या पंढरपूर भागात आठवडी बाजारात खुरपी-विळ्यांचे ढीग लागतात. त्यातली बहुतेक खुरपी आता यंत्रावर पत्रा कापून केलेली. दिसायला चकचकीत, वजनाला हलकी, किमतीला स्वस्त. एक खुरपण झाली की धार बसते आणि मग कितीही कानस मारा, तासाभरात पुन्हा बोथट. याच बाजारात कोपऱ्यात एक म्हातारे लोहार बसायचे. ट्रकच्या कमानपाट्याचं खुरपं घडवून द्यायचे आणि ते झिजून बोटाएवढं उरेपर्यंत चालायचं. ते आता येत नाहीत. मुलाचं वेल्डिंगचं दुकान आहे, ग्रिल आणि शटरची कामं भरपूर आहेत. त्याला मी दोष देत नाही. पोट कशावर भरतं ते त्याला कळतं.

लोहार हा बलुतेदार. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा आणि वर्षभर गावाचे फाळ, कुळवाच्या पासा, कुऱ्हाडी पाजवून द्यायच्या. बलुतं गेलं याचं मला दुःख नाही. त्यात जातीचं ओझं होतं आणि स्वतःच्या कामाचा भाव ठरवायचा अधिकार लोहाराला नव्हता. पण बलुत्याबरोबर हातातली विद्याही जातेय, आणि ती परत आणणं सोपं नाही.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय का कोणी? सुतार तुंबा (मधला गड्डा), आरे आणि पुठ्ठे (बाहेरच्या घेराचे तुकडे) जोडून लाकडी चाक उभं करायचा. लोहार लोखंडी पट्टीची धाव वळवायचा, ती चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान. मग गोवऱ्यांच्या गोल जाळात ती तापवायची, तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. चार फुटी धाव चारेकशे अंशांनी तापली की तिचा व्यास जेमतेम पाच-सहा मिलिमीटर वाढतो. सगळा खेळ तेवढ्या फटीचा. कमी पडली तर धाव चढत नाही, जास्त झाली तर चाक सैल राहतं, आणि फारच आवळली तर आरे वाकतात. लोहार हे माप दोरीने घ्यायचा. उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले आणि हे काम संपलं. आमच्या तालुक्यात धाव चढवू शकेल असा माणूस आज मला तरी माहीत नाही.

फाळ आणि धाव काचेच्या पेटीत ठेवून काही साधणार नाही, असं माझं ठाम मत आहे. भाता चालू राहिला तरच विद्या राहील, आणि भाता चालायला रोजचं गिऱ्हाईक लागतं. तुमच्या भागात काय स्थिती आहे, कोण काय करतंय, ते लिहा.

पोलाद

चांगला धागा. धातुशास्त्र शिकलो आणि त्याच क्षेत्रात नोकरी केली, म्हणून खुरप्याच्या धारेबद्दल आधी लिहितो.

साध्या मऊ लोखंडी पत्र्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. असा पत्रा लाल करून पाण्यात बुडवला तरी तो म्हणावा तसा कडक होत नाही. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते सहा दशांश टक्के असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. त्याला पाणी दिलं की ते कडक होतं. गावच्या लोहाराने पाटा निवडला तो भंगारात मिळतो म्हणून, हे खरं. पण भंगाराच्या ढिगातून नेमका तोच उचलायचा, ही पारख त्याची.

पाणी देणं हा तर सगळ्यात नाजूक भाग. नुसतं बुडवून कडक केलेलं पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून लोहार पातं लाल करतो, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो आणि बाहेर काढून दगडावर घासून पांढरी करतो. मागच्या जाड भागात उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि घासलेल्या पृष्ठभागावर रंग धावतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेवर पिवळा पोचला की आख्खं पातं पाण्यात. कुऱ्हाडीला दणका सोसायचा असतो, म्हणून तिचा रंग थोडा पुढे जाऊ द्यायचा. कारखान्यात यासाठी दोन वेगळ्या भट्ट्या आणि तापमापक लागतात. इथे एकाच तावात, डोळ्यांनी.

लोहाराची जागा अंधारी का असते, हे बऱ्याच जणांना कळत नाही. उन्हात लाल रंगाच्या छटा ओळखू येत नाहीत. गावोगावी हौसेने ‘कारागीर केंद्रं’ बांधताना तिथे मोठ्या खिडक्या आणि पारदर्शक पत्रे बसवलेले मी पाहिलेत. बांधण्याआधी कोणीतरी लोहाराला विचारायला हवं होतं.

माणदेशी

भावना कळतात, पण शेतकरी म्हणून सरळ बोलतो. घडीव खुरप्याच्या निम्म्या किमतीत बाजारातलं येतं. माझ्याकडे मजुरीला दहा बायका असतात, त्यातली चार खुरपी हंगामात रानातच हरवतात. मी महाग खुरपं का घ्यावं? आणि नांगरटीला ट्रॅक्टर आहे, त्याचे फाळ दुकानात तयार मिळतात. काळाप्रमाणे काही धंदे जाणारच.

ठिणगी

माणदेशी दादा, तुमचा हिशोब तुमच्या जागी बरोबर आहे. पण खुरपं विकत कोण घेतं आणि चालवतं कोण, हे बघा. घेतो मालक, चालवते बाई. बोथट खुरप्याने दिवसभर तण उपटायचं म्हणजे मनगट आणि खांदा दोन्ही जातात. तिला विचारून खुरपं घ्यायची पद्धत असती, तर पत्र्याची खुरपी बाजारात टिकली नसती. ज्या बायका आपलं खुरपं घरून आणतात, त्यांच्या पिशवीत बघा एकदा. घडीवच सापडेल आणि ते कधी हरवत नाही.

मी घिसाडी घरातली आहे. आमची माणसं गावोगाव फिरून लोखंड घडवणारी. मृगाच्या आधी पेरणीची अवजारं, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तो कोयता कोणी घडवला, हे कोणी विचारत नाही.

आमच्यात भाता नवरा सांभाळतो, सांडशीने लोखंड तोच धरतो आणि समोरून घण मारते ती बाई. माझ्या आजीने आणि आईने आयुष्यभर घण मारला. फोटो काढायला लोक थांबतात, छान वाटतं त्यांना. पण भाता मांडायला जागा मागितली की गावाबाहेरची, तीही चार दिवसांची. लाकूड-कोळसा मिळवायचा कुठून? मुलं शाळेत घालायची कुठल्या? शासनाच्या यादीत आम्ही भटक्या जमाती ‘ब’ मध्ये आहोत. आता बरीच कुटुंबं एका जागी राहिलीत, पण जागेचा उतारा नावावर नाही. तुम्ही सगळे विद्या टिकवायचं बोलताय. आधी भाता मांडायला कायमची चार हात जागा द्या, मग विद्येचं बोलू.

भीमाकाठ

ठिणगीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जागेचा मुद्दा या धाग्यात पहिला असायला हवा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाजारतळ असतोच, तिथे पत्र्याची एक शेड आणि पाण्याचा नळ एवढं करायला फार मोठी योजना लागत नाही.

कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेचा तुमच्याकडे कोणाला उपयोग झाला का? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप करणारे आहेत, हातोडे आणि अवजारं करणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज.

ठिणगी

काहींना झाला, जे एका गावात स्थिर आहेत त्यांना. नोंदणीची पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून होते. वर्षातून चार गावं फिरणाऱ्याला कुठली ग्रामपंचायत आपला म्हणणार? माझ्या चुलतभावाचा अर्ज असाच फिरत राहिला. योजना वाईट नाही, पण फिरत्या माणसाचा विचार तिच्यात कमी आहे.

अजून एक. शहरात कोयत्याने मारामाऱ्या होतात, त्याच्या बातम्या येतात आणि पोलीस विकणाऱ्यांच्या मागे लागतात. पुण्यात तर कोयता घेणाऱ्याची नोंद ठेवायला सांगितलं होतं. शस्त्रांच्या कायद्यात घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं वेगळी धरलेली आहेत. पण रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या बाईला कायद्याचं कलम कोण वाचून दाखवणार? ती माल उचलून निघून जाते. हंगामाचे ते आठ-दहा दिवस गेले की वर्षाची कमाई गेली.

कसबेकर

लोखंडाबद्दल बोलणं चाललंय, त्यात थोडं तांब्याचं आणतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेली ही घरं. लहानपणापासून त्या गल्लीतला ठोक्यांचा आवाज ऐकत मोठा झालो, त्यामुळे जिव्हाळा आहे.

बंब, घंगाळ, हंडा, तपेलं ही इथली खरी कामं. सगळ्यात देखणं म्हणजे मठारकाम. भांड्याचा आकार आला की ते खरवईवर, म्हणजे लोखंडी आधारावर चढवायचं आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे, रांगेत, एकाच वजनाचे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याची एक चकती उमटते आणि उजेडात सगळं भांडं लखलखतं. ही नुसती नक्षी नाही. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, पातळ पत्र्याच्या भांड्याला ताठपणा येतो. एक ठोका चुकला तर तो जन्मभर दिसतो, म्हणून नव्या पोराला मठारणीला बसवायच्या आधी कितीतरी महिने नुसतं तापवणं आणि धुणं.

स्टेनलेस स्टील आलं, गॅसचा गिझर आला आणि बंबांची मागणी संपली. पुढे वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने डिझायनरांना सोबत घेऊन तांबटांकडून नव्या वस्तू करवून घेतल्या. दिवे, वाडगे, पेले, शोभेच्या थाळ्या. त्याने काही घरांत काम आलं आणि मठारकामाचं नाव आळीच्या बाहेर गेलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र एक काळजी बोलून दाखवतो. छोट्या वस्तूंना मठारणी लागते, पण मोठा बंब उभा करताना लागणारं अवघड काम लागत नाही. पत्र्याच्या कडा दातेरी कापून एकमेकींत गुंतवायच्या, टाकणखार आणि पितळेचा डाक घालून सांधायच्या, आणि वर ठोकून सांधा असा मिटवायचा की बोटाला लागू नये. ही विद्या मागणीबरोबर आटत चालली आहे.

पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या भांडीकामाची २०१४ साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. मान मिळाला, चांगलंच झालं. तरी तांबटाला मानाबरोबर ऑर्डर लागते. लग्नात रुखवताला किंवा वास्तुशांतीला काय द्यायचं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात येतो. तिथे एक मठारलेला तांब्या घेतला तरी आळीत एक दिवसाचं काम जातं.

पोलाद

कसबेकर, तुमच्या प्रतिसादातलं ‘तापवणं आणि धुणं’ फार महत्त्वाचं आहे. ठोकून घट्ट झालेलं तांबं पुढे ठोकलं तर चिरतं, म्हणून ते मधून मधून लाल करून मऊ करावं लागतं. लाल केलेलं पोलाद पाण्यात टाकलं की कडक होतं, आणि लाल केलेलं तांबं पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं. वर त्याची काळी खपली सुटून निघते. एकाच जाळातून निघालेले दोन धातू पाण्यात गेल्यावर उलट वागतात. लोहाराच्या मुलाला तांबटकाम शिकवायचं तर हातांना वेगळी सवय लावावी लागते, ती यामुळे. सगळ्या कारागिरांना एकाच आठवड्याच्या शिबिरात बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शेवगा

कल्हईबद्दल मी लिहिते, कारण तो धंदा आपण गृहिणी वाचवू शकतो.

पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ पितळेतलं तांबं खातो आणि ते आपल्या पोटात जातं. म्हणून आतून कथलाचा थर हवा, तीच कल्हई. कल्हईवाला जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी पेटवतो, भात्याने फुंकतो, भांडं उलटसुलट तापवतो. मग नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर होतो आणि धातूवरची घाण निघून जाते. लगेच कथलाची कांडी भांड्याला टेकवतो. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे ती टेकताक्षणी पाघळते. कापसाच्या बोळ्याने तो एका दमात आतून फिरवतो आणि काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं होतं. पाण्यात बुडवताना चुर्र आवाज येतो. आमच्या सोसायटीतली मुलं हे बघायला खेळ सोडून जमतात.

ठाण्यात राहते. कल्हईवाले मिळत नाहीत, असं सगळे म्हणतात. मिळतात, पण एका पातेल्यासाठी ते येणार नाहीत. कोळसा पेटवायचा खर्चच तेवढा असतो. आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर आधी नोंदणी करतो, तीस-चाळीस भांडी जमली की त्यांना बोलावतो, आवारात मागच्या बाजूला जागा आणि पाणी देतो. दिवसभराचं काम एकाच जागी होतं, म्हणून ते आनंदाने येतात. दिवाळीच्या आधी एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

भाव करताना एवढंच सांभाळा. कथील महाग आहे आणि फार घासाघीस केली की त्यात शिसं मिसळलं जाण्याचा धोका असतो. शिसं विषारी आहे. मी स्वतः शुद्ध कथलाची कांडी विकत आणून देते आणि मजुरी वेगळी देते. त्यांनाही ते बरं वाटतं, संशयाला जागा राहत नाही. आणि कल्हईचं भांडं तारेच्या घासणीने घासू नका, रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील वितळून जातं.

वऱ्हाडकर

आमच्या नागपूरकडची जुनी गोष्ट सांगतो. पेंच नदीजवळ नायकुंड म्हणून गाव आहे. तिथल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळायची भट्टी सापडली, इ. स. पू. ७०० च्या आसपासची. माहुरझरीला त्याच काळातल्या दगडी वर्तुळांखाली घोडे पुरलेले सापडले, अंगावर तांब्याचे दागिने आणि तोंडात लोखंडी लगाम. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी आमच्या मातीत लोखंड गाळणारे होते आणि घोड्याचा साज घडवणारेही होते. शाळेच्या सहली फुटाळा तलावावर जातात, नायकुंडला एकही जात नाही.

भंडाऱ्याची पितळी भांडी तर पूर्वी विदर्भभर जायची. आता मोजकी घरं उरली. शेवगाताई, तुमची कल्हईची युक्ती आमच्या कॉलनीत करून बघतो.

तळकोकण

लोखंड गाळण्याचा विषय निघालाय तर धावडांची आठवण काढायला हवी. महाबळेश्वरच्या डोंगरात आणि कोकणात जांभ्यातल्या खनिजापासून लोखंड गाळणारे हे मुसलमान कारागीर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जंगलं राखीव करायला सुरुवात केली आणि कोळसा पाडायला बंदी आली. त्यात विलायती लोखंड स्वस्त. दोन्हींत धावडांची भट्टी विझली. आज त्यांच्यातल्या कोणाला खनिजापासून लोखंड कसं काढायचं हे येत असेल, असं वाटत नाही. ज्या हुन्नराचा कच्चा माल किंवा सरपण तुटतं, तो दोन पिढ्यांत पुसला जातो.

म्हणून मला कोळशाची चिंता वाटते. आमच्या सिंधुदुर्गात लोहार अजून आहेत, कारण कोयतीशिवाय कोकणी माणसाचं चालत नाही. कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती घेऊनच माणूस बागेत जातो. खोबरं खवायच्या विळीचे दाते अजून हाताने पाडून घेतात. पण लोणारी (लाकडाचा) कोळसा महाग आणि बेभरवशाचा झालाय. काही जण करवंटीचा कोळसा वापरतात. तो छान तापतो, पण बागायतदार करवंट्या आता कारखान्यांना विकतात.

पोलाद

कोळशाला दोन पर्याय दिसतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे वेडी बाभूळ माजलीय, तिचा कोळसा पाडतातच. त्यातला ठरावीक वाटा तालुक्याच्या लोहारांना मिळेल अशी व्यवस्था वनविभाग आणि ग्रामपंचायतीने मिळून केली तर झाडही हटेल आणि भाताही चालेल. मात्र कोळसा पाडायला कातकरी कुटुंबं रायगडातून नेतात आणि त्यांना उचल देऊन अडकवून ठेवतात, हे विसरून चालणार नाही. एका कारागिराचा भाता दुसऱ्याच्या वेठबिगारीवर चालायला नको.

दुसरा पर्याय गॅसची भट्टी. मऊ विटांचा छोटा डबा, एक बर्नर. खुरप्या-कोयत्यांना पुरेशी, धूर नाही. मोठा फाळ किंवा पहार मात्र तिच्यात मावत नाही.

यॉर्कशायरकर

मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडात. इथे हेरिटेज क्राफ्ट्स नावाची संस्था २०१७ पासून धोक्यात आलेल्या हस्तकलांची लाल यादी काढते. वन्य प्राण्यांची असते तशीच. कुठलं काम अगदी थोड्या लोकांना येतं, शिकणारे किती आहेत, कच्चा माल मिळतो का, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे मदत कुठे आधी पोचवायची ते ठरवता येतं. आपल्याकडे तालुक्यापुरती अशी यादी करायला काय हरकत आहे? ‘लोहार: पाच घरं’ असं नको. ‘धाव चढवणारे: कोणी नाही. पोलादाची धार चढवून जोडणारे: एक’ अशी, कामावार यादी.

इथे शनिवार-रविवारी लोहारकाम शिकवणारे वर्गही चालतात. नोकरदार लोक पैसे भरून दिवसभर घण मारतात, संध्याकाळी एक आकडा किंवा सुरी घडवून घरी नेतात. लोहाराला शिकवण्याचे पैसे मिळतात. पुण्या-मुंबईच्या आसपास हे नक्की चालेल.

कसबेकर

शिकवण्याच्या वर्गांना माझा पाठिंबा आहे, अट एकच. शिकवणारा कारागीर हवा आणि फी त्याच्या हातात जायला हवी. मधल्या आयोजकाने चहा-नाश्त्याच्या नावाने निम्मे पैसे ठेवले असं होऊ नये.

माणदेशी

ठिणगीताई, तुमचं वाचून घरी विचारलं. खुरपणीला येणाऱ्या बायकांशी बायको बोलली. दहापैकी सात जणी म्हणाल्या, मालकाचं खुरपं नको, आमचं आम्ही आणतो. मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत बी-बियाणं आणि औषधं एकत्र घेतो, तशी खुरपी-विळे एकत्र घेता येतील का? दीडशे सभासद आहेत. उमेद या सरकारी अभियानातले महिला बचत गटही जोडता येतील.

भीमाकाठ

मला हेच म्हणायचं होतं. दीडशे घरांची एकगठ्ठा मागणी म्हणजे एका लोहाराचं मृगापर्यंतचं काम. आगाऊ पैसे दिले तर तो पाटा आणि कोळसाही एकदम भरू शकेल. प्रत्येक नगावर त्याने स्वतःचा ठसा उमटवावा. खुरपं तुटलं किंवा धार बसली तर कोणाकडे परत न्यायचं ते कळेल, आणि चांगलं काम करणाऱ्याचं नाव शेतातून शेतात जाईल.

शिकाऊ मुलाचा प्रश्न राहतो. लोहाराच्या हाताखाली दोन वर्षं राहणाऱ्या मुलाला दरमहा विद्यावेतन मिळालं तरच तो टिकेल. आठवडाभराच्या शिबिरात पाणी देणं शिकता येत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून काम करत शिकायची पद्धत चालते. तिथले विद्यार्थी गावासाठी वस्तू बनवता बनवता शिकतात. त्या धर्तीवर तालुक्याच्या एखाद्या शाळेत भाता मांडता येईल का, हे मी आमच्या शिक्षकांना विचारणार आहे. मुलगा कोणत्याही जातीचा असो, आणि मुलगीही. ही विद्या जातीत कोंडून ठेवली तर ती जातीबरोबरच संपेल.

तळकोकण

एक शंका. यांत्रिक घण आणला तर त्याला पारंपरिक काम म्हणायचं का? आमच्याकडे एका लोहाराने मोटरवर चालणारा घण बसवलाय. कोयती चांगलीच होते, पण बघणाऱ्या काहींनी नाकं मुरडली.

ठिणगी

यावर मला बोलायचंच आहे. माझ्या आजीला म्हातारपणी हात डोक्याच्या वर नेता येत नव्हता. केस विंचरायला माझी आई लागायची. घण मारून खांद्याचा सांधा गेला होता. परंपरा म्हणून हे चालू ठेवा असं कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. यंत्राचा घण जरूर आणा. लोखंड किती तापलंय, ठोका कुठे द्यायचा, पाणी कधी द्यायचं, ही आमची विद्या. ताकद मोटरने लावली म्हणून ती कमी होत नाही. एक माणूस एकट्याने भाता चालवू शकेल आणि घरातली बाई घणाऐवजी हिशोब किंवा विक्री बघू शकेल. किंवा सांडशी तिच्या हातात घेईल.

पोलाद

शंभर टक्के सहमत. भाता हाताने ओढायच्या जागी विजेचा ब्लोअर कधीच आला आणि कोणी तक्रार केली नाही.

शेवगा

ताई, मी शहरातली, मला घडीव आणि पत्र्याचं ओळखू येत नाही. विळी घ्यायची आहे. कसं पाहू?

ठिणगी

शेवगाताई, पात्याच्या मागच्या बाजूला बघा. घडीव पातं मुळाशी जाड आणि धारेकडे पातळ होत जातं, यंत्रावर कापलेलं सगळीकडे एकाच जाडीचं. घणाच्या खुणाही पुसट दिसतात. मग धारेवर हलकेच कानस फिरवा. पाणी नीट दिलेलं असेल तर कानस घसरते, मऊ असेल तर लगेच चावते. बोटाने टिचकी मारली की आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. आणि विळीचं पातं पाटात घट्ट बसलंय का ते हलवून बघा.

माणदेशी दादा, भीमाकाठ दादा, ऑर्डर खरंच देणार असाल तर माझा चुलतभाऊ आणि शेजारची दोन घरं मिळून घेऊ शकतील. उशिरात उशिरा होळीला सांगा, म्हणजे मृगाच्या आत माल हातात येईल. नुसता आकडा पाठवू नका. काळ्या चिकट रानाला खुरपं अरुंद लागतं, हलक्या माळरानाला रुंद. ज्वारी-गहू कापायचा विळा दात्यांचा, गवताचा बिनदात्यांचा. मुठी बाभळीच्या करू, पण बायकांच्या हाताच्या मापाच्या. बाजारातल्या मुठी पुरुषांच्या हाताच्या असतात, म्हणून फोड येतात. आणि डावखुऱ्या किती जणी आहेत ते वेगळं लिहा, त्यांच्या विळ्याची धार उलट्या अंगाने काढावी लागते.